फिलदेल्फिया, मुक्काम बोरी बुद्रुक

जयवंत आमच्या तमाशाच्या फडाचे पडदे रंगवायचा. नारायणगावच्या तंबूत मी राजा होऊन बाहेर पडायचो तेव्हा मागचा महाल त्याच्या हातचा असायचा. टाळ्या मला पडल्या की महालाला, हे मला कधीच कळलं नाही.

उतारवयात तो बोरी बुद्रुकला परतला. थोरल्या भावाच्या, राजरत्नच्या दारासमोर दोन खोल्या बांधल्या आणि दारावर स्वतःच्या हातानं नाव रंगवलं: फिलदेल्फिया.

"अमेरिकेत कोण हाय राव तुझं?" बेल्ह्याच्या बाजाराला निघालेले लोक मोटारसायकल थांबवून विचारायचे.

"अमेरिकेच्या लई आधीचं हाय. बायबलातलं गाव."

घराणं बौद्ध. साधनाशी लग्न करताना जयवंतनं बाप्तिस्मा घेतला, आणि राजरत्नला ते चहाच्या टपरीवर परक्याच्या तोंडून कळलं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं अबोला.

गेल्या जानेवारीत जयवंतच्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले. त्यानं मला बोलावून घेतलं.

"दादाला त्या नावाचा अर्थ सांगा. तुमचा आवाज त्याला आवडायचा."

"सरळ बोलावूनच आणतो की."

"बोलावू नका. आला तर त्याच्या मनानं येऊ दे."

अर्थ जयवंतला चर्चच्या पाळकांनी सांगितला होता. ग्रीक भाषेत फिलोस म्हणजे माया करणारा, आदेल्फोस म्हणजे एका पोटचा भाऊ. अत्तल नावाच्या राजपुत्राला रोमी लोकांनी थोरल्या भावाचं राज्य देऊ केलं. त्यानं ते घेतलं नाही. लोक त्याला 'भावावर माया करणारा' म्हणू लागले, आणि त्या बिरुदावरून शहराला नाव पडलं. चाळीस वर्षं वगात मी राजे केले, पण असा राजा कधी माझ्या वाट्याला आला नव्हता.

राजरत्नच्या ओट्यावर बसून मी ती कथा जीव ओतून सांगितली. तो चष्मा पुसत ऐकत राहिला.

"एवढी माया व्हती, तर धर्म बदलताना मला का न्हाई सांगितलं? मी काय अडवणार व्हतो?" एवढं बोलून तो आत गेला.

जयवंतनं विचारलं, "काय म्हणाला?"

त्याच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "येतो म्हणाला."

त्यानं खाट दाराशी आणायला लावली. नऊ दिवस दार लावू दिलं नाही. थंडी कडाक्याची होती. साधनावहिनी त्याच्यावर एकावर एक गोधड्या टाकत राहिल्या. दहाव्या दिवशी सकाळी तो गेला.

पेटीला पहिला खांदा राजरत्ननं दिला. माती दिल्यावर लोक पांगले, तसा तो माझ्याजवळ आला.

"एवढ्या थंडीत दार उघडं टाकून का पडला व्हता तो? मला रोज दिसायचं."

मी जयवंतला काय सांगितलं होतं, ते त्याला सांगितलं.

राजरत्न त्या ओल्या मातीकडे बघत राहिला. "म्हंजे वाट बघत व्हता," तो म्हणाला. "आन् ह्या बारीला पण मला कुणी सांगितलं न्हाई."