वरूडच्या हौदातला डबा

सकाळी सव्वानऊला फुगा सुटला आणि तासाभरातच संपर्क तुटून पडद्यावरचा त्याचा ठिपका जागीच थांबला. अमरावतीच्या विद्यापीठातल्या अवकाश संस्थेत मी तांत्रिक सहायक. फुग्याखाली थर्माकोलचा डबा बांधला होता, आत विद्यार्थ्यांनी जोडलेली तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं. फुगा उंचावर फुटणार आणि डबा छोट्या पॅराशूटनं मोर्शीच्या अलीकडे उतरणार, असं गणित मीच मांडलं होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही जीप घेऊन शिवारं धुंडाळली. डबा नव्हता.

"वारा आपल्या हातात नसतो. दुसरा बनवू," आमचे सर म्हणाले. विद्यार्थ्यांचं सबंध वर्ष त्या डब्यात होतं. मला सरांचा शांतपणा सोसवेना.

मी रोज अकोल्याहून रेल्वेनं ये-जा करते. ते तीन दिवस बडनेरा स्टेशन येईपर्यंत हातातला फोन सुटला नाही. नंबर डब्यावर माझाच होता. रात्री ताट तसंच राहायचं. आई म्हणायची, "एका डब्यापायी काहून जीव जाळून राहिली वं?" मी उठायचे आणि गणित पुन्हा तपासायला बसायचे. चूक सापडत नव्हती, म्हणून आणखीच अस्वस्थ व्हायचे.

चौथ्या दिवशी फोन आला. बाईचा आवाज होता.

"तुमी फुगेवाल्या मॅडम का? तुमचा डबा आमच्या वावरात पडला."

"कुठं?"

"वरूडच्या अलीकडं. पण मी त्याले पाण्यात टाकलं."

मी जीपची किल्ली उचलली.

दुपारपर्यंत आम्ही तिच्या संत्र्याच्या बागेत होतो. पन्नाशीची बाई, बागेचं सगळं तीच पाहायची. तिनं सिमेंटच्या हौदाकडे बोट दाखवलं. डबा अजून तरंगत होता, वाऱ्यानं उडून बाहेर जाऊ नये म्हणून त्याला दोरीनं वीट बांधलेली.

"लाल लाइट लुकलुक करत होता," ती म्हणाली. "मजूर बाया पळाल्या. म्या टीव्हीत पाह्यलं होतं, बॉम्ब सापडला का पाण्यात टाकतात."

"त्यावर लिहिलं होतं, मावशी. धोक्याचं नाही म्हणून."

"इंग्रजीत लिहलं होतं ना! मास्तर सुट्टीवर होते. ते आज आले, तवा वाचून सांगतलं." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आमच्या डोक्यावरून सोडता, अन आमाले सांगत नाई?"

अमरावतीच्या सभागृहात आम्ही अवकाशावर भाषणं ठेवतो, शाळांना बसनं बोलावतो, प्रमाणपत्रं देतो. फुगा ज्या गावांवरून जाणार होता, त्यांपैकी एकाही गावात मी पाय ठेवला नव्हता. इंग्रजी कागदही मीच चिकटवला होता.

मेमरी कार्ड वाळवलं. वर जातानाची नोंद मिळाली, उतरतानाची गेली.

पुढच्या उड्डाणाआधी मी पंधरा दिवस एसटीनं फिरले. मोर्शीच्या पुढची गावं, ग्रामपंचायतीच्या पाट्या, शाळांची पटांगणं. मराठीत छापलेले कागद वाटले, फुग्याचा नमुना दाखवला. त्या बाईच्या गावातल्या शाळेत मी पहिल्या उड्डाणाचा आलेख भिंतीवर लावला आणि सांगितलं, वर उणे पन्नासाच्याही खाली थंडी असते.

ती मागच्या बाकावर बसली होती. उठून म्हणाली, "वरची थंडी सांगतली. बागेतली कोण सांगन? बहाराच्या टायमाले रातची थंडी मोजून पायजे आमाले."

मुलं हसली. तिला हसू आलं नाही, मलाही नाही.

परतीच्या बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात भणभणत होता. दुसऱ्या दिवशी सरांसमोर ठेवला. "हा आपला विषय नाही," ते म्हणाले. मी आठवडाभर त्यांच्या मागे लागले. शेवटी उरलेल्या सुट्या भागांतून विद्यार्थ्यांनी एक तापमापक जुळवला आणि आम्ही तो तिच्या बागेत लोखंडी पाइपावर बसवला.

दुसऱ्या फुग्याचा डबा थेट मध्य प्रदेशाच्या हद्दीत गेला, तो अजून मिळालेला नाही. बागेतला तापमापक चालू आहे. त्याचे आकडे रोज सकाळी माझ्या फोनवर येतात. बागेसाठी त्यांचा नेमका अर्थ काय लावायचा, हे मला अजून येत नाही. हल्ली गाडीत बसल्या बसल्या मी संत्र्यावरची पुस्तकं वाचते.