मध्यमाकडे अतिरिक्त कार्यभार

नाना हेडफोनसकट खुर्चीतून उठले. वायर ताणली गेली, टेबलावरचा माझा चहा कलंडला.

"ताई, हे सस म्हणजे काय?" स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

मी फडक्यानं चहा टिपत होते. विचार न करता सांगून टाकलं, "सस्पेंडेड."

कोपऱ्यात बसलेल्या अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, हातातली पिशवी पोटाशी धरली. नाना हळूच, घरच्या अहिराणीत म्हणाले, "सस्पेंडेड शे का हाई? मन्हा गानामा?"

मी जळगावात, पिंप्राळ्यात, घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ चालवते. दुकानांच्या जिंगल्स, लग्नाची गाणी, भजनं, काय येईल ते करते. शेजारच्यांची पाण्याची मोटर सुरू झाली की रेकॉर्डिंग थांबवते आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार करते. काम कॉम्प्युटरवरच चालतं. सॉफ्टवेअरमध्ये वर एक पट्टी असते, तिच्यात गाण्यातले कॉर्ड ओळीनं दिसतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर. एकामागून एक कॉर्ड कसे येतात, त्यावर गाण्याचा चेहरा ठरतो. ही पट्टी माझ्या सोयीसाठी असते. क्लायंटनं ती वाचावी अशी अपेक्षा नसते. पण नानांची सगळी नोकरी धुळ्याच्या एका सरकारी ऑफिसात गेलेली. लिहिलेलं दिसलं की ते वाचणारच.

महिनाअखेरीला ते रिटायर होणार होते. निरोप समारंभात त्यांचे फोटो पडद्यावर दाखवायचे आणि मागे एक गाणं वाजवायचं, असा अक्कांचा हट्ट. धुळ्यात स्टुडिओ नाहीत असं नाही, पण तिथे गेलं की बातमी फुटते. म्हणून दोघं एसटीनं जळगावला आले होते.

"नाव आहे हो नुसतं," मी म्हणाले. "संगीतातलं. ऑफिसाशी काही संबंध नाही."

"काढून टाका."

"पण नाना, तोच तर गाण्यातला..."

"ताई, काढा."

मग अक्कांनी मला खरी गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी ऑफिसात मंत्री आले होते. साउंडची जबाबदारी नानांकडे. दीपप्रज्वलनाच्या वेळी स्वागतगीत वाजवायचं होतं. नानांनी पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं. पेनड्राइव्ह होता पुतण्याचा. वाजलं ते हळदीचं डीजे गाणं, तेही पूर्ण आवाजात. मंत्री समई पेटवतायत आणि मागच्या रांगेत दोघं-तिघं खुर्चीतल्या खुर्चीत नाचतायत. नाना घाबरले. बंद करायला गेले आणि आवाज आणखी वाढवून बसले. मोठ्या साहेबांची मान तालावर हलत होती असं पाहणारे शपथेवर सांगतात, पण सस्पेन्शनच्या ऑर्डरवर सही त्यांचीच. पुढे चौकशी झाली, काही निघालं नाही, नाना परत रुजू झाले. नाव मात्र पडायचं ते पडलंच: डीजे नाना.

"गानापायी सस्पेंड व्हयनात," अक्का म्हणाल्या. "आते गानावरच निरोप लेतीन."

म्हणजे तोच हॉल, तेच साहेब आणि पुन्हा गाणं. या वेळी काही चुकलं तर नाना जन्मभर डीजे राहणार होते. हे ऐकल्यावर मी वाद घालायला नको होता. पण माझा स्वभाव हट्टी. कॉर्ड मला आवडला होता. मी जरा चलाखी केली. कॉर्ड तसाच ठेवला आणि पट्टीवरचं नाव पुसून तिथे 'स्वागत' असं टाइप केलं.

नानांनी चष्मा वर केला. "नाव बदललं, प्रकरण तेच आहे."

अशा माणसापुढे कोण टिकणार! मी मुकाट्यानं कॉर्ड काढला आणि त्या जागी साधा सरळ कॉर्ड टाकला. गाणं सुरुवातीपासून वाजवलं. नानांनी समाधानानं मान हलवली. अक्कांनी नाक मुरडलं.

"हाई आते गानं वाटत नही. बातम्या लागेल शेत असं वाटस. पहिलं लावा."

"त्यात सस्पेंडेड आहे," नाना म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या ना मंग! कानले काय वाचता येस?"

आता नवरा-बायकोत जुंपणार असं दिसलं. मी कीबोर्ड पुढे ओढला. म्हटलं, बघा, साधा कॉर्ड असा: सा, ग, प. तिघं आपापल्या खुर्चीत बसलेत, काही तक्रार नाही. आता मी गंधाराला उठवते आणि त्याच्या जागी शेजारचा मध्यम बसवते. सा, म, प.

नानांनी कान दिला. मग म्हणाले, "म्हणजे मध्यमाकडे अतिरिक्त कार्यभार."

"अगदी बरोबर."

"आणि गंधार घरी."

"हो."

मी तिन्ही बोटं तशीच दाबून ठेवली. सूर लोंबकळत राहिले. या कॉर्डचा गुण असा की कान पुढच्या सुराची वाट पाहत बसतो. नानांनी पाय हलवला. घसा खाकरला. पंख्याकडे पाहिलं.

"पुढं?"

"पुढे काही नाही."

"असं कसं? सोडवा त्याला."

"चौकशी चालू आहे," मी म्हणाले.

अक्का पदरात हसल्या. मी मध्यमावरचं बोट उचललं आणि गंधार दाबला. नानांच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला समोरून दिसला.

"रुजू झाला," ते म्हणाले.

मग नाना आपणहून सांगू लागले. सस्पेंड असताना ते रोज डबा घेऊन ऑफिसच्या वेळेला घरून निघायचे, कॉलनीत कळू नये म्हणून. दिवसभर बसस्टँडवर बसायचे. शेवटी शेवटी लोक त्यांनाच विचारायचे, शिरपूर गाडी किती वाजता, आणि ते बरोबर सांगायचे. तेव्हा अक्कांनाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

"डबा कोन भरे?" अक्का म्हणाल्या. "माले ठाऊक नव्हतं का?"

नाना त्यांच्याकडे बघतच राहिले. मी उगाच माउस पुसायला घेतला.

"ताई, टाका तो परत," नाना म्हणाले. "आणि जरा लांबवा."

सॉफ्टवेअरमध्ये सूर म्हणजे एक आडवी पट्टी. ती माउसनं ओढली की सूर लांबतो. मी दुप्पट केली. "अजून." चौपट केली. "अजून." मी सांगून पाहिलं, नाना, लोकांना वाटेल कॉम्प्युटर हँग झाला. ते म्हणाले, "वाटू द्या. मला कुठे लवकर सोडलं?"

समारंभाला मी धुळ्याला गेले. पेनड्राइव्ह नवा कोरा होता, त्यात एकच गाणं, आणि लॅपटॉपला लावेपर्यंत तो माझ्या मुठीत होता. गाणं सुरू झालं. नोकरीला लागतानाचा मिशीवाला फोटो आला, सहलीचे आले, लोक हसले. मग शेवटच्या ओळीआधी तो कॉर्ड आला आणि थांबला. पडद्यावर नानांचा खुर्चीतला फोटो तसाच. सूर तसाच. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. "डीजे नाना!" मागून कोणीतरी म्हणालं. लॅपटॉपवाल्यालाही वाटलं काहीतरी अडकलं, त्याचा हात पुढे गेला.

"हात लावू नका!" पहिल्या रांगेतून नाना गरजले. जन्मात त्यांनी ऑफिसात एवढा आवाज काढला नसेल.

शेजारी मोठे साहेब बसले होते. त्यांनाही राहवेना. "अहो नाना, हे पुढे जाणार आहे की नाही? असं अधांतरी किती वेळ ठेवायचं?"

नाना हात जोडून अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, मला तुम्ही अख्खा पावसाळा ठेवलं होतं."

आणि गंधार रुजू झाला.

हॉल आधी हसला, मग टाळ्या सुरू झाल्या. साहेबही हसले, जरा उशिरा. अक्का तेवढ्या रडत होत्या.

मी यातून एकच शिकले. क्लायंट आला की कॉर्डची पट्टी बंद ठेवायची. सध्या एका सराफाची जिंगल हातात आहे आणि तिच्यात एक डिमिनिश्ड कॉर्ड आहे. त्याचा अर्थ त्यांनी विचारला, तर सोन्याच्या दुकानात बसून 'घट' हा शब्द मी काही उच्चारणार नाही.