रिबिनी धरायचं काम

बुढीसंगं केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या वेण्या. बुढी वेण्या घाले अन् मी रिबिनी धरून बसे. घरात मले एवढाच हुद्दा होता. त्या सकाळीही दोन्ही लाल रिबिनी धरून मी ओट्यावर मोठ्या अधिकारानं बसलो होतो.

"अवो, ढील सोडा! बैलाचा कासरा हाय काय तो?"

"कासरा तर जन्मभर तुह्या हातात होता," मी म्हटलं. नात फसकन हसली.

नात नववीत. मायबाप पुण्याले कंपनीत, ती लहानपणापासून आमच्याजवळ शेलूबाजारात. ती शाळेत गेली अन् दुपारी बुढी चुलीपुढं बसल्याजागी मेली. तिच्या हातून करपलेली ती एकच भाकर.

त्या दिवसापासून नातीनं वेण्यांले कोणाचा हात लागू दिला नाही. दहाव्याले मायनं कंगवा घेतला, तर झटकून उठली. डोक्याचं पाखराचं घर झालं. शाळेचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड. तेरवी करून मायबाप गेले, अन् बाप फोनवर म्हणे, "जातच नसंल तर नाव काढून टाकतो." बाप दूर असला की निर्णय लवकर होते.

शाळेले मात्र काळजी होती. तिथं सोबती नावाची योजना आली होती. एका पोराच्या मनातलं दुसऱ्या पोरानं ऐकायचं. त्याचं एक दिवस ट्रेनिंग झालं, पोरायले बिल्ला भेटला, समोसा भेटला. ऐकायचं ट्रेनिंग! मले ते बुढीनं जन्मभर दिलं, समोसा काही भेटला नाही.

योजनेचे सर घरी आले. कोवळे, इस्त्रीवाले. नातीले म्हणाले, "बाळा, एक ते दहामध्ये तुझं दुःख किती?"

"सर, सोयाबीनचा ओलावा मोजून राह्यले काय?" मी विचारलं.

सरांनी ते लिहून घेतलं. जाताना म्हणाले, "बरं आजोबा, येतो. असंच येत राहीन."

मयतीच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालेही समजते. पुन्हा अशाच कामानं येऊ, असा त्याचा अर्थ होते. अन् घरात मरणाजोगा मीच उरलो होतो.

"घाई नका करू सर," मी म्हटलं. "माहाच नंबर हाय."

सर हसले. ट्रेनिंग त्यांचंही झालं असंल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सोबती आली. नातीच्या वर्गातली, चार घरं सोडून राहणाऱ्या बांगडीवाल्याची पोरगी. छातीवर बिल्ला. मले वाटलं, आता हीही दहापैकी मार्क मागते. पण तिनं काहीच विचारलं नाही. नातीजवळ बसली, आपला अभ्यास केला, दप्तर उचललं, चालली. रोज तेच. बिल्लाही दोन-तीन दिवसांत दप्तरात गेला. टोचते म्हणे.

एक दिवस मी टोकलंच. "काय मॅडम, ट्रेनिंगमधी बोलाची मनाई हाय काय? जाताना तरी तोंड उघडत जा."

"अम्मीनं सांगतलं आबाजी. तुमच्यात दुःखाच्या घरून 'येतो' म्हणून जात नाहीत."

मी उठून चहा ठेवला.

मग एका संध्याकाळी आतून नातीचा आवाज आला. "मानेवर लय खाजून राह्यलं वं."

"उवा झाल्या असतीन. माह्या अंगावर नको झटकू."

दोघी खिदळल्या. मी दारातून पाह्यलं तर बांगडीवाल्याची पोरगी वेण्या सोडून राह्यली होती. बुढीनं मारलेली शेवटची गाठ सुटली तशी नात हंबरडा फोडून रडली. सोबतीनं 'रडू नको' म्हटलं नाही. गुंता काढत राह्यली. रिबिनी धुऊन दोरीवर टाकल्या, चप्पल घातली, अन् दारात थांबली.

"येतो आबाजी. सकाळी वेण्या घालाले येतो. मग आमी दोघी संगंच शाळेत जातो."

बोलली अन् तोंडावर हात ठेवला.

"ये," मी म्हटलं. "लवकर ये. शाळेची घंटा तुह्यासाठी थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवलं, दोरीवरच्या रिबिनी काढल्या अन् ओट्यावर माह्या जागेवर बसलो. दोन्ही हातात धरल्या. ढील सोडून.