खुडूक कोंबडीचा साहेब

साठ सालाच्या आसपास, कानडी मुलखातल्या बसवनगुडीत, आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे एक रिटायर झालेला सुपरवायझर राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, विचारावंसं वाटलंही नाही. हाताखालचे कारकून सुटले, म्हणून त्यानं एक कोंबडी पाळली होती.

ती खुडूक झाली. कोंबडा आमच्याकडे होता, म्हणून त्यानं आईकडून अंडी मागून नेली आणि तिच्याखाली उबवायला ठेवली. इथवर ठीक. पण हा गृहस्थ तासातासाला टोपली उघडायचा, कोंबडीला पंखाला धरून बाजूला काढायचा आणि एकेक अंडं कानाशी नेऊन हलवायचा. गळ्यात मफलर, तोंडावर हजेरी घेतल्याचा भाव.

“अण्णा, स्वल्प सोडा की तिला,” आई भिंतीवरून म्हणाली. “अंडी गार पडतात.”

“अक्का, आपली पाठ वळली की सगळे बसून खातात.”

बसणं हेच तिचं काम होतं, हे या शहाण्याला कोण सांगणार!

अंडी नासली. दोष अर्थात कोंबडीचा.

पुढे ती कोंबडीच नाहीशी झाली. त्यानं मांजराला शिव्या घातल्या. मग एका सकाळी आमच्या न्हाणीच्या लाकडांमागून ती बाहेर आली, मागे पिल्लांची रांग. तिथंच अंडी घालून, त्याच्या नजरेआड ती निवांत बसली होती.

तो धावत आला. “पाहिलंत अक्का? शिस्त लावली की काम कसं होतं!”

आणि त्यानं एक पिल्लू उचललं, कानाशी नेलं आणि हलवून पाहिलं.