हात हलवा, रान उगवेल

धाकट्या बहिणीच्या ऑफिसातल्या कुणीतरी पास दिले, म्हणून आम्ही तिघी मुलुंडहून अंधेरीला गेलो. आई, बहीण आणि मी. एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये प्रदर्शन होतं. डोळ्यांवर चष्म्याचं खोकं चढवायचं, हातात रिमोट धरायचा. हात हलवला की समोरच्या अंधारात वेली फुटतात. चष्मेवाल्याला दिसतं तेच इतरांना भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं.

"इथे कुणी प्रेक्षक नाही," चुरगळलेल्या कुडत्यातला कलाकार सांगत होता. "तुमचं शरीरच चित्र काढतं. फक्त मोकळे व्हा."

लोक मोकळे होत होते. सोसायटीच्या गणपतीत नाचायला सांगितलं तर पाय दुखतो म्हणतील अशी माणसं इथे तिकीट काढून हवेत बुक्के मारत होती. एक बाई जमिनीवर बसून अदृश्य पीठ मळत होत्या. बाहेर आल्यावर प्रत्येकाचा चेहरा आत्ताच दीक्षा घेतल्यासारखा. पडद्यावर उगवायच्या चार पडवळाच्या वेली.

आईला कंपवात आहे. उजवा हात मांडीवर टेकवला तरी थरथरतो. "जाऊ दे गं," मी म्हटलं, पण बहिणीने तिला खुर्चीवर बसवून चष्मा चढवला, उजव्या हातात रिमोट दिला. "ताई, तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

आईने काहीच केलं नाही. हात मांडीवर होता, तो आपला हलत होता. पडद्यावर रान माजलं. वेलीवर वेल, पानांवर पानं. लोक गोळा झाले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आई आधी हसली. मग तिचा आवाज बदलला. "गो, माका काय दिसना नाय. बंद कर ह्यां." ती घाबरून हात दाबून धरू लागली, तसा तो जास्तच हलला आणि पडदा पूर्ण हिरवा झाला.

मी पुढे झाले. कलाकाराने हात आडवा घातला. "एक मिनिट, थांबवू नका. काय एनर्जी आहे."

मी त्याचा हात बाजूला करून चष्मा काढला. आईच्या कपाळावर वळ उठला होता, पापण्या ओल्या.

"आजारी आहे ती," मी म्हटलं. "कंपवात."

एखाद्याला लाज वाटली असती. त्याचे डोळे चमकले. "म्हणूनच इतकं प्रामाणिक आहे. आम्ही रेकॉर्ड केलंय. पुढच्या शोला वापरलं तर चालेल?" विचारलं मला. आई समोरच बसली होती.

आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. "तेका सांग, ह्यां मी करूक नाय. हात आपणच हलता."

"एक्झॅक्टली," तो म्हणाला.

वाद घालण्याइतकीही त्याची लायकी वाटेना. कॉम्प्युटरवरच्या मुलीला मी माझ्यासमोर रेकॉर्डिंग पुसायला लावलं. तो मागून 'संवाद', 'कलेचं नुकसान' असलं काहीबाही बोलत होता. घरी आल्यावर बहीण म्हणाली, "मला काय माहीत, यार."

आई त्या हाताला कधी लाजत नव्हती. भाजीवाल्याशी घासाघीस करताना तोच हात पुढे करायची. आता खाली उतरली की तो पदराखाली घेते. कुणी विचारलं तर थंडी वाजते म्हणते. भर मे महिन्यात.