आज्याचा चुना, माझं सिमेंट

आमच्या गावचं चर्च माझ्या आज्यानं बांधलं. नकाशा नव्हता. गोऱ्या पाद्र्यानं काठीनं जमिनीवर रेघा ओढल्या, आज्यानं त्यावर राख टाकली आणि दुसऱ्या दिवशी पाया खणला. भिंती विटांच्या, हातभर जाड. चुना बैलाच्या घाण्यात दळलेला, त्यात बेलफळाचा गर आणि गूळ. खिडक्यांना वर कमान, छताला सागाच्या तिकोनी कैच्या, त्यावर मातीचे कवेलू. मनोरा नाही. घंटा बाहेर दोन खांबांवर टांगली आहे. मनोरा का नाही, ते आज्यानं कधी सांगितलं नाही.

दर उन्हाळ्यात फुटके बदलून कवेलू फेरायचे आणि भिंतींना चुना मारायचा, हे काम आमच्याच घराकडे. मी चौथी शिकलो, पण माझ्या थापीला गावात कोणी नाव ठेवलं नाही.

दोन हजार सालानंतर ज्याच्या त्याच्या घराला सिमेंट लागलं. मलाही दरवर्षीच्या चुन्याचा कंटाळा आला होता. माझ्या बापासोबत चुना दळलेला शेजारचा काका म्हणाला, "चुन्यावर सिमेंट कायले लावून राहिला बे? भिंतीले श्वास घेऊ दे."

"तू घे काका श्वास. भिंतीचं मी पाहतो."

सडक अर्जुनीहून ट्रॅक्टरनं सिमेंट आणलं, चर्चला आतबाहेर गिलावा केला. लोकांनी हात फिरवून पाहिला.

पाच-सहा पावसाळे गेले आणि वेदीमागची भिंत ओली राहू लागली. रंग फुगला, पोपडे पडले. मी म्हणायचो, कवेलू गळतात. दोन वर्षं नुसते कवेलूच फेरत राहिलो. मनातून ठाऊक होतं. जमिनीतून चढणारी ओल आधी चुन्यातून उडून जायची, आता सिमेंटमागे कोंडली होती.

एका रविवारी प्रार्थना संपल्यावर फादर म्हणाले, "भिंती सडल्या. चर्च पाडू, स्लॅबचं नवीन बांधू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो.

"भिंत सडली नाही जी. मी सडवली."

कोणी हसलं नाही, तेच जड गेलं. ऐकायला काकाही उरला नव्हता.

फादरनी विचारलं, "मग आता काय करता, बाबाजी?"

"माझं सिमेंट मी काढतो. नाताळापर्यंत वेदीची भिंत वाळली नाही तर पाडा. पहिली सब्बल मीच मारीन."

पाऊस उतरला तसा छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. वीतभर काढलं की दम लागायचा. घरची म्हणायची, "काऊन मरून राहिले जी त्या भिंतीपायी? पोराले सांगा ना." मी कोणाला सांगितलं नाही. सिमेंटनं आज्याचा चुना घट्ट धरला होता, काढताना त्याचेही टवके उडाले.

नाताळच्या आधी फादरनी भिंतीला तळहात लावला, उलटा करून पाहिला. कोरडा. "राहू द्या," एवढंच बोलले.

चर्च उभं आहे. वेदीमागे विटा उघड्याच आहेत, तसला चुना आता कोणी दळत नाही. बाकी तीन भिंतींवर माझंच सिमेंट आहे आणि माझा खांदा आता वर जात नाही. बाकीचं मी काढू का, असं गावातला एक गवंडी दोनदा विचारून गेला. मी अजून हो म्हटलेलं नाही. रविवारी मागच्या बाकावर बसतो, भिंतीला पाठ न टेकता.