टाकी वाळेपर्यंत

काल इमारतीखाली कुणीतरी स्कूटरचे पार्ट पेट्रोलने धूत होतं. तो वास आला आणि मी भांडुपच्या गल्लीत, शहाऐंशी सालच्या एका सकाळी जाऊन पोहोचलो.

बाबांच्या आजारपणात आमचा ट्रक दोन वर्षं उभा होता. टाकीतलं डिझेल काकवीसारखं घट्ट झालं होतं. बाबांनी आणि काकांनी ते काढलं, टाकी पेट्रोलने खळबळून धुतली आणि ट्रकपुढे, बॉनेटखाली जमिनीवरच वाळत ठेवली. ती वाळेपर्यंत पूजा उरकू, असं ठरलं. बॉनेटवर हार, नारळ, उदबत्त्या. वारा अजिबात नव्हता.

घरात कॉलेजला जाणारा पहिला मीच. रिकाम्या टाकीतली वाफ भडकते, एवढं शिकलो होतो. पण बाबांना शिकवायला जीभ रेटेना. त्यांनी काडी काढली तेव्हा कसाबसा म्हणालो, "बाबा, थांबा. वाफ पेटेल."

काका हसले. "कॉलेजात गेलंस म्हणून आता देवाक पण थांबवतलंस?"

बाबा हसले नाहीत. काडीपेटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मग कधी लावायची ते तूच सांग."

तेव्हा छाती फुगली होती. आज अंगावर काटा येतो. किती वेळ थांबायचं ते मला ठाऊकच नव्हतं. टाकी लांब न्यायचंही सुचलं नाही.

तासाभराने बाबांनी विचारलं, "आता?"

मी हवा हुंगली. काही कळलं नाही, तरी मान हलवली, काडीपेटी परत दिली आणि दोन पावलं मागे सरलो.

बाबांनी काडी ओढून उदबत्त्या लावल्या. बाकी काही पेटलं नाही. पण बाबा जागचे हलले नव्हते.